चौथ्या चाकाचा ब्रेक

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीच्या ब्रेकची हवा काढणं. चारातल्या तीन चाकांची. चौथं राहिलं. त्या चौथ्याचंच सांगायचं आहे, बाकीचं त्याच्या अंगानं येईल.

हे काम एकट्याचं नाही. एकानं गाडीत बसून ब्रेकचं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी आडवं पडून पान्ह्यानं निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक नट, सैल करायचं. तेलासंगं नळीतली हवा फसफसत बाहेर येते. मग निपल आवळायचं आणि त्यानंतर पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा परत आत. म्हणून दोघांनी बोलत राहावं लागतं. मी खालून म्हणायचो, "दाब." ती वरून, "दाबलं." "धर." "धरलं." "सोड." "सोडलं." ती अनवाणी बसायची. पेडलला तिची जोडवी लागायची, टिक. ती बोलायच्या आधी मला तो आवाज यायचा.

मागची दोन्ही चाकं झाली, पुढचं डावं झालं. तिसऱ्या चाकाला ती वरून म्हणली, "अख्ख्या संसारात तुमी माह्याशी एवढंच बोललात. दाब, धर, सोड."

"आन तू कवा ऐकलं?"

"आता ऐकून राहिले ना. बोला लवकर, पाय दुखून राहिला."

मी निपल आवळलं आणि म्हणलं, सोड. सोडलं, म्हणली. मग म्हणली, "एक चहा घेऊ, मग ते शेवटचं करू." ती उतरून घरात गेली. घर गॅरेजच्या मागंच, मधी एक दार. मी हात पुसले. चार-साडेचार वाजले असतील.

आता गाडीचं सांगतो. कनेरगाव नाक्यावर माझं गॅरेज. जीप, ट्रक, ट्रॅक्टर. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं पान्ह्यानं शिकलो. नव्वद सालाच्या पुढं सात-आठ वर्षांनी एका गुत्तेदारानं मुंबईहून एक जर्मन गाडी आणली. कंपनीचं नाव सांगत नाही, जाहिरात कशाला. सहा सिलेंडरचं इंजिन, आत कातड्याच्या सीटा, छताला सरकणारी काच. एवढी खाली की कोंबडीनं बी वाकून जावं. आमच्या नाक्यावरच्या स्पीड ब्रेकरवर तिचा चेंबर फुटला, इंजिनातलं ऑइल सगळं डांबरावर. गुत्तेदारानं ढकलून माझ्या दारात आणली. दोन महिने त्यानं पार्ट शोधला. मग कंटाळला, जीप घेतली आणि ही मला भंगाराच्या भावात देऊन टाकली.

बायको बघायला आली. गाडीभोवती एक फेरी मारली. छताची काच दाखवली तर म्हणली, "छताला भोक पाडून घेतलं, त्याचे बी पैसे दिले का त्यानं?"

चेंबर अकोल्याला नेऊन वेल्डिंग करून आणला. गाडी चालू झाली. तिचा आवाज कसा होता ते सांगता येत नाही. आवाज नव्हताच, तोच तिचा आवाज. पण आमच्या रस्त्यावर ती तशी चालणार नव्हती. म्हणून आम्ही तिला आमच्याजोगी करत गेलो, सात-आठ वर्षं. जिथं तिथं खालून घासायची म्हणून प्रत्येक स्प्रिंगखाली जाड रबराचा गट्टू कापून घातला. गाडी चार बोटं वर आली. इंजिनाखाली ट्रॉलीच्या पत्र्याची पाटी ठोकली. ती कल्पना बायकोची. "पोटाला तवा बांधा की," म्हणली. बारीक टायर काढून जाड टाकले. छताची काच गळायची, ती डांबर लावून कायमची बंद केली. पेट्रोल फार प्यायची म्हणून गॅसवर करायचं मनात होतं. बायको म्हणली, "माह्या चुलीचा सिलेंडर मागायचा न्हाई." गॅस राहिला.

शिकलेले लोक गाडी बघायला थांबायचे. वाशीमचा एक डॉक्टर तर हात लावून म्हणला, तुम्ही हिची वाट लावली. मी म्हणलं, साहेब, तुमची आहे का अशी? नाही म्हणला. मग बसा म्हणलं, चहा घ्या.

बायकोचे गुडघे गेलेले होते. गाडीत बसायचं तर खाली बसल्यासारखं बसावं लागायचं. "ह्या गाडीत बसणं म्हणजे हिरीत उतरणं," म्हणायची. उतरताना मी दोन्ही हात धरून ओढायचो आणि लोक बघायचे. तिला ते आवडायचं नाही. मग मी तिला बाजेवर बसवलं, बाजेपासून जमीन किती ते मोजलं, आणि पुढच्या सीटखाली बाभळीच्या फळ्या घालून सीट तेवढ्याच उंचीला आणली. कातडं उन्हानं तडकलं होतं, उन्हाळ्यात मांड्या भाजायच्या. तिनं जुन्या लुगड्याची खोळ, गोधडीसारखी शिवून, त्यावर घातली. तिच्या सीटवर दुसरं कोणी बसलं की डोकं छताला लागायचं. ती मागून म्हणायची, "त्ये माहं आसन हाय. दुसऱ्याला पचत न्हाई."

ती मागंच बसणार असं मला वाटलं होतं. आमच्याकडं बाया मागं बसतात. पहिल्याच दिवशी पुढचं दार उघडून बसली.

आणि तिला गाडी पळवून घ्यायची हौस. हे कोणालाच खरं वाटत नाही, तिच्या भावालाबी नाही. एकदा हिंगोलीकडं जाताना काट्याकडं बघून म्हणली, "हा काटा कुठवर जातो?"

"दोनशे चाळीस."

"मग आपण साठीवर काहून मरून राहिलो?"

नाक्याच्या पुढं दोन-अडीच किलोमीटर रस्ता सरळ आहे. तिथं मी एकशे दहापर्यंत नेली. तिनं काच खाली केली. पदर उडाला, तोंडावर आला, तिनं धरला नाही. हसलीबी नाही. नुसती समोर बघत होती. थांबल्यावर म्हणली, "अजून हाय ना पुढं?" मी म्हणलं, आहे. पण पळवायची तर थांबवता आली पाहिजे. जुने ब्रेक झिजलेत. मोठे बसवतो, मग बघू.

बोललो खरा, पण दोन वर्षं गेली. मग नांदेडच्या भंगारात पुढच्या चाकांचे मोठे कॅलिपर, ब्रेकचे जबडे, मिळाले, त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचे. ते बसवले. नव्या नळ्या टाकल्या. त्याचीच हवा आम्ही काढत होतो.

गॅरेजचा एक नियम होता माझा. ब्रेक उघडला की स्टेअरिंगला लाल फडकं बांधायचं. फडकं दिसलं की त्या गाडीला कोणी हात लावायचा नाही. काम संपवून मीच ते सोडणार. फार मागं एका ड्रायव्हरनं घाई केली. मी जेवायला गेलेलो, त्यानं अर्ध्या कामाची जीप तशीच बाहेर काढली. पुलापाशी जीप खाली गेली. त्याला काही झालं नाही, मागं बसलेली एक म्हातारी गेली. तेव्हापासून फडकं. बायकोनंच तिच्या जुन्या परकराचं फाडून शिवून दिलं होतं, बांधायला नाडीसकट. पंचवीसेक वर्षांत ते फडकं काम संपायच्या आधी कधी सुटलं नाही.

तर ती चहाला आत गेली. चहा आला नाही. मी हाक मारली, ओ आली नाही. आत गेलो तर ती चुलीपाशी भिंतीला टेकून बसलेली. गॅस चालू, चहा उतू गेलेला. घामानं भिजली होती. म्हणली, "छातीत दाबून राहिलं. हात बी जड झाला."

मी गॅस बंद केला. पाणी दिलं, तिनं घेतलं नाही.

गॅरेजमधी तीन गाड्या होत्या. एका ट्रकचा गिअरबॉक्स खाली काढलेला. एका जीपचं इंजिन खोललेलं. आणि आमची. मोटरसायकल होती, पण तिच्यावर बायकोला धड बसता येत नव्हतं. मी तिला धरून गॅरेजमधी आणलं. ती आमच्या गाडीकडं गेली, दाराला हात लावला. म्हणली, "चला ना आपल्याच गाडीत."

मी म्हणलं, "ब्रेक उघडा आहे."

ती म्हणली, "मग कुठं थांबूच नका."

असं म्हणली ती. दुखत होतं तरी म्हणली. मी फडक्याकडं बघितलं. स्टेअरिंगला बांधलेलं होतं. तीन चाकं झाली होती हे मला माहीत होतं. निपल आवळलेलं होतं हे माहीत होतं. दोनदा पेडल मारलं तर काहीतरी लागलं असतं, हेबी पन्नास गाड्यांच्या हिशोबानं माहीत होतं. हात गेला नाही. मी तिला लाकडी बाकड्यावर बसवलं आणि रस्त्यावर पळालो.

समोर धाबा. धाबेवाला माझ्या ओळखीचा, त्यानं फोनवरून दोन जीपवाल्यांना विचारलं. एक सेनगावला गेलेला, दुसऱ्याचा लागलाच नाही. मग आम्ही दोघं रस्त्यावर हात करत उभे राहिलो. दोन ट्रक गेले. वाशीमकडून एक काळी-पिवळी जीप आली, टपापर्यंत भरलेली. धाबेवाल्यानं समोर उभं राहून ती अडवली आणि लोकांना उतरायला लावलं. एक माणूस म्हणला, आमचं भाडं दिलेलं आहे. धाबेवाला म्हणला, "माह्या धाब्यावर जेव, पर उतर."

ह्यात पाऊण घंटा गेला.

जीपमधी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. एकदा म्हणली, "गॅस बंद केला का?" मी म्हणलं, केला. हिंगोली यायच्या आधी तिचा हात माझ्या हातात ढिला पडला, थंड झाला. मला कळलं, पण ड्रायव्हरला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं गाडी हळू केली असती.

दवाखान्यात डॉक्टरनं तपासलं, किती वाजता दुखायला लागलं ते विचारलं. मी सांगितलं. मी विचारलं, "आर्धा घंटा आधी आणलं असतं तर?" तो तरुण होता. म्हणला, "काका, सांगता येत नाही." खोटं बोलला असता तरी चाललं असतं, बोलला नाही. मला राग नाही.

अंधार पडल्यावर त्याच जीपमधून तिला घरी आणलं. पोरगी पुण्याला, एकच पोरगी आमची, ती सकाळी यायची होती म्हणून माती दिवसावर ठेवली. बायांनी तिला पांढरी साडी नेसवली. वंदना घ्यायला बौद्धाचार्य दहाला यायचे होते. मी भिंतीला टेकून बसलो. लोक येत होते, माझ्या खांद्याला हात लावत होते. रडायला येईल असं मला वाटत होतं. आलं नाही. डोक्यात एकच होतं, की गाडी थांबली असती का.

उजाडलं. मी उठलो, मधल्या दारातून गॅरेजमधी आलो. गाडी तशीच होती. पुढच्या उजव्या चाकाशी माझा पान्हा, बाटली, तेलाचा डाग. काढून ठेवलेलं चाक लावून नट आवळले, जॅक काढला. टाकीत ब्रेकचं तेल बघितलं, होतं. स्टेअरिंगचं फडकं सोडलं, खिशात ठेवलं. गाडी चालू केली.

अंगणातले लोक बघायला लागले. तिचा भाऊ म्हणला, "दाजी, पोरीला आणायला चालले का? मी येतो."

मी म्हणलं, "तू बस तिच्यापाशी."

त्याला वाटलं तसं वाटू दिलं.

नाक्याच्या पुढं सरळ रस्त्याला लागलो. रस्त्यावर कोणी नव्हतं. पहिल्यांदा तीसवर पेडल दाबलं. अर्ध्यापर्यंत रिकामं गेलं, मऊ. परत दाबलं, धरलं. गाडी डावीकडं ओढली आणि थांबली. मग साठवर. दोनदा दाबलं, डावीकडं ओढली, थांबली. मग शंभरला नेली. शेजारची सीट रिकामी होती, फळ्या खडखडत होत्या. वजन असलं की त्या वाजत नाहीत, ते मला तेव्हाच कळलं. पेडल मारलं, परत मारलं, स्टेअरिंग उजवीकडं धरून ठेवलं. टायर ओरडले. गाडी कडेच्या मुरमाला लागून थांबली. रस्त्यावरच थांबली. खाली गेली नाही.

मी उतरलो. चाकाला हात लावला, गरम होतं. रस्त्यावर काळे पट्टे पडले होते, ते पावलांनी मोजले. मग गाडी वळवली आणि हळू घरी आणली.

पोरगी आलेली होती. रडून तोंड सुजलेलं. माझ्यापाशी आली, "बाबा, कुठं गेलता तुमी? मी यष्टीनं आले."

"गाडी बघायला गेलतो."

"आज? काय झालं गाडीला?"

"काही न्हाई. थांबते ती."

मग बायांनी तिला आत बोलावलं, ती गेली.

मी गाडी गॅरेजमधी जागेवर लावली. चौथ्या चाकाचं काम बाकी होतं, ब्रेक उघडाच होता. खिशातून फडकं काढलं, स्टेअरिंगला बांधलं, नाडीला दुहेरी गाठ दिली. आणि आत गेलो.