जेवणानंतरची बंदूक

“सर, सुबह तो देखी थी आपने. बंदूक वही है, आप वही हैं. लाइट जा रही है, प्लीज!”

डायरेक्टर हे म्हणाला तेव्हा माझ्या हातात बाराबोरची दुनळी बंदूक होती. समोर गादीवर व्यापारी झालेला विनायक मुळे हात जोडून बसला होता. बाकी सगळं युनिट माझ्या तोंडाकडे बघत होतं. मागे कुणीतरी हसलंसुद्धा.

मी गुंड आहे. म्हणजे पडद्यावर. ग्वाल्हेरच्या आसपास ज्या मालिका आणि वेबसिरीज शूट होतात, त्यांत बागी डाकू, खंडणीवाला, सरपंचाचा दांडगा भाऊ असं काही असलं की मला फोन येतो. मिशा माझ्या स्वतःच्या आहेत. आवाज वडिलांकडून आलाय. नोकरी वीज मंडळात केली, रिटायर झालो आणि आता पूर्ण वेळ लोकांना धमकावतो. आमचे पूर्वज दक्षिणेतून इथे फौजेबरोबर आले. त्या सगळ्यांनी मिळून मारली नसतील तेवढी माणसं मी एकट्यानं मारली आहेत. एकालाही साधं खरचटलेलं नाही, आणि याचा मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा जास्त अभिमान आहे.

लोकांना वाटतं, गुंडाच्या रोलला डोळे वटारले की झालं. अहो, डोळे कुणीही वटारेल. समोरच्याला जराही इजा न होता तो मेल्यासारखा दिसला पाहिजे, हे खरं काम. त्यासाठी माझा एक नियम आहे. हत्यार हातात आलं की ते आपण स्वतः उघडून बघायचं आणि ज्याच्यावर रोखायचंय त्यालाही दाखवायचं. प्रत्येक टेकच्या आधी. टेक म्हणजे एकच प्रसंग पुन्हा पुन्हा शूट करतात, त्यातली एक खेप. मध्ये हत्यार हातातून सुटलं की आधीचं बघणं रद्द. हे मी सिनेमात नाही, वीज मंडळात शिकलो. लाइन बंद आहे असं कुणी सांगितलं म्हणून खांबावर चढायचं नसतं. स्वतः बघायचं आणि मग चढायचं.

त्या दिवशीचा सीन असा होता. मी व्यापाऱ्याच्या गादीवर येतो, बंदूक त्याच्या छातीला लावतो आणि चाप ओढतो. नुसतं ‘खट’ होतं. बंदूक रिकामी असते. व्यापारी अर्धमेला होतो आणि मी हसतो. सीन झकास होता. पण चाप मला खरोखर ओढायचा होता आणि कॅमेरा बाजूलाच असल्यामुळे नेम जरासा चुकवून फसवाफसवी करायलाही जागा नव्हती.

अशा वेळी डमी वापरतात, म्हणजे खोटी बंदूक. ती आणलेली होती. पण डायरेक्टरला ती क्लोज-अपमध्ये प्लास्टिकची दिसेल असं वाटलं. आता आमच्या भागात खऱ्या बंदुकीला काय तोटा! लग्नाच्या वरातीत चार पाहुण्यांच्या खांद्यावर तरी असतेच. लायसन्स मिळालं की लोक पेढे वाटतात. ज्या बंद तेलमिलमध्ये शूटिंग चाललं होतं, तिचे मालक दाऊसाहेब स्वतःच आपली दुनळी घेऊन आले. “लोकेशन हमारी, तो बंदूक भी हमारी,” असं म्हणून त्यांनी ती डायरेक्टरच्या हातात दिली. डायरेक्टर मुंबईचा. त्यानं तिच्याबरोबर फोटो काढून घेतला.

मी सकाळीच कटकट केली. खरी बंदूक नको म्हणालो. कुणी ऐकलं नाही. शेवटी मी अट घातली: बंदूक दिवसभर आर्ट डिपार्टमेंटच्या, म्हणजे सेटवरचं सामान सांभाळणाऱ्या माणसाकडे राहील, दुसरं कुणी हात लावणार नाही आणि प्रत्येक टेकआधी मी ती उघडणार. डायरेक्टर म्हणाला, “डन सर!”

सकाळचे टेक तसेच झाले. बंदूक उघडायचा खटका दाबायचा, ती मध्यात वाकवायची, दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड बघायचा, मग विनायकला दाखवायचा. दर वेळी हशा. “डाकू साहब डर रहे हैं!” विनायक माझा जुना मित्र. ग्वाल्हेरच्या फूलबागेजवळ आम्ही हौशी नाटकं करायचो तेव्हापासूनचा. तोही कंटाळला.

“दादा, बस न आता,” तो हळूच म्हणाला. “दाऊसाहेबांना बुरं लागेल. त्यांना वाटेल, आपण शक करतोय.”

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीत हिंदी अशी कालवलेली असते, त्याचं मला काही वाटत नाही. पण जीव गेला तरी चालेल, समोरच्याला बुरं लागता कामा नये, ही जी आमची तऱ्हा आहे ना, तिचा मला भयंकर संताप येतो.

मग जेवणाची सुट्टी झाली. त्यानंतर क्लोज-अप. आणि बंदूक माझ्या हातात कुणी दिली? आर्टवाल्यानं नाही. दाऊसाहेबांनी! मला तिथेच खटकलं. मी खटक्यावर अंगठा ठेवला आणि डायरेक्टरचं ते ‘सुबह तो देखी थी’ सुरू झालं.

“उघडल्याशिवाय मी रोखणार नाही,” मी म्हणालो.

“सर, आप एक्टर हैं कि इंस्पेक्टर?”

दाऊसाहेब दुखावले. “अरे साहब, हमारी बंदूक है. हमारी ज़बान काफ़ी नहीं?”

“दादा, करून टाका न,” विनायक हात जोडलेल्या अवस्थेतच म्हणाला.

मी खटका दाबला. डाव्या नळीतून उजेड दिसला. उजव्या नळीत काडतुसाचं पितळी बूड चमकत होतं.

मी काडतूस काढून तळहातावर घेतलं आणि नियमाप्रमाणे विनायकला दाखवलं. त्यानं जोडलेले हात खाली घेतलेच नाहीत. हसणारा आता कुणीही नव्हता.

दाऊसाहेबांनी मात्र अगदी सरळ सांगितलं, “खाने के बाद ज़रा खेत तक गए थे. खाली बंदूक लेके कौन निकलता है?” त्यांच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. रिकामी बंदूक घेऊन बाहेर पडण्यात त्यांना कमीपणा वाटला. परत आल्यावर काढायचं राहून गेलं. आर्टवाला पुटपुटला, “मालक ने माँगी, मैं कैसे मना करता?”

या दोघांपेक्षा मी चिडलो तो डायरेक्टरवर. त्यानं कपाळ पुसलं आणि म्हणाला, “थैंक गॉड. चलिए, निकल गई ना? रेडी फ़ॉर टेक!”

माझं डोकंच सटकलं. “बेटा, अभी इसकी छाती पर रखके घोड़ा दबाता मैं. तेरी स्क्रिप्ट में लिखा है ना, खट?”

“सर, हुआ तो नहीं ना कुछ.”

झालं तर नाही ना काही! हे वाक्य मी नोकरीत किती जणांच्या तोंडून ऐकलंय. खांबावर माणूस असताना खालून कुणी सप्लाय सुरू करायला जातो आणि वर हेच म्हणतो. काही होत नाही, कारण कुणीतरी एक जण किरकिऱ्या असतो. आणि शिव्याही त्यालाच बसतात.

मी बंदूक आणि काडतूस दाऊसाहेबांच्या हातात वेगवेगळी दिली, विनायकला दंडाला धरून उठवलं आणि बाहेर जाऊन बसलो. डमी आणल्याशिवाय आत येणार नाही म्हणून सांगितलं. शेवटी ती प्लास्टिकचीच आणली. मी तीही उघडून बघितली. त्यावर कुणी हसलं नाही.

सिरीज आली, मी बघितली. बंदूक प्लास्टिकची आहे हे कुणालाही कळत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष विनायकच्या चेहऱ्याकडे जातं. लोकांनी त्याच्या अभिनयाची केवढी तारीफ केली! तो कसला अभिनय? थोड्या वेळापूर्वी त्यानं ते काडतूस पाहिलं होतं.

माझे पुढचे सीन कापले. माफी कुणीही मागितली नाही. दाऊसाहेबांचा फोन आला, तोही तक्रारीचा: सगळ्यांसमोर मी त्यांच्या शब्दाचा मान ठेवला नाही म्हणून. कास्टिंगवाले, म्हणजे रोलसाठी माणसं शोधणारे, आता माझ्याबद्दल सांगतात, “आदमी अच्छा है, पर बंदूक से डरता है.” फोन कमी झालेत. बरोबर आहे, डरतो. ज्याला डर वाटत नाही त्याच्या हातात बंदूक देऊच नये, आणि गुंडाचा रोल तर नाहीच नाही.

परवा नई सडकवर विनायक भेटला. एका नव्या सिरीजमध्ये त्याच्यावर परत कुणीतरी बंदूक रोखली होती. या खेपेला मी समोर नव्हतो.

“उघडून बघितलीस?” मी विचारलं.

“मीच मागून घेतली न. सगळे हसले.”

“हसू देत. आणि जेवणानंतर?”

“परत बघितली, दादा. तेव्हा तर जास्त हसले.”