टिटवीनं अडवलेली नाव

हिंगणघाटच्या जिनिंगमधली नोकरी संपल्यावर माझ्या भाऊजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, मोबाइलवरून एक रबरी नाव मागवली. पायानं पंप मारून हवा भरायची, प्लॅस्टिकची वल्ही, रंग हळदीसारखा पिवळा. नाव कशाला, असं कुणी विचारलं की ते सांगत, आयुष्यभर रुईची धूळ खाल्ली, आता थोडं पाणी पाहू द्या. लाइफ जॅकेट मागवायचं तेवढं राहून गेलं. त्याऐवजी त्यांनी स्कूटरचं हेल्मेट घातलं. बुडणाऱ्या माणसाच्या डोक्याला काय होणार आहे, असं ताईनं विचारून पाहिलं. पण सुरक्षा ती सुरक्षा, यावर ते ठाम राहिले.

एप्रिलमधल्या एका सकाळी आम्ही तिघं सिंदीच्या पलीकडल्या तलावावर गेलो. पाणी बरंच आटलेलं, काठाला भेगाळलेल्या चिखलाचा आणि गोट्यांचा रुंद पट्टा उघडा पडलेला. काठाकाठानं वल्हवत पलीकडच्या अंगाला पोचलो, तोवर नावेत घोटाभर पाणी जमलं होतं. ते वल्ह्यांवरून ओघळलं, असं भाऊजींचं मत होतं. आम्ही उतरलो, नाव पालथी घातली, तिची एक कड दगडावर टेकवली आणि थोडं लांब एका बाभळीखाली डबा उघडला.

जेवून परत निघालो, तर टिटव्यांचं एक जोडपं ओरडत अंगावर आलं. डोक्यावरून इतक्या खालून जात की पंखांचा वारा कानाला लागे. वाकून पाहिलं, तेव्हा कळलं. नावेच्या सावलीत त्यांची पिल्लं येऊन बसली होती. लिंबाएवढी, मातकट ठिपक्यांची, काडीसारखे पाय. ऊन असं होतं की त्यांच्या जागी मीही तिथंच बसलो असतो.

आता मोठीच पंचाईत झाली. आम्ही जवळ गेलो की टिटव्या ओरडत. त्या ओरडल्या की पिल्लं जमिनीला चिकटून दगडासारखी गप्प होत. पिल्लं हलेनात, म्हणून नाव उचलता येईना. आणि नाव मोकळी करायला आम्ही पुन्हा जवळ जात होतो. टिटवी देखील समुद्र आटविते, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तलाव आटवायची त्यांना गरजच पडली नाही, नुसती नाव धरली तरी पुरलं.

एक टिटवी भाऊजींच्या हेल्मेटवर आपटून गेली. भाऊजींनी आम्हां दोघांकडे पाहिलं. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं. ताईनं टिटव्यांना समजावून पाहिलं, की बाई, तुझी लेकरं तुझी, आमची नाव आमची. त्याचा काही उपयोग झाला नाही.

तेवढ्यात दुसरी टिटवी खाली उतरली आणि एक पंख जमिनीवर लोळवत, लंगडत आमच्यासमोरून चालू लागली. भाऊजींचा चेहराच उतरला. आपल्या नावेनंच हिचा पंख मोडला, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढला आणि तिला अलगद धरायला मागोमाग निघाले. ते जवळ आले की ती आणखी चार पावलं फरफटत जाई. थांबले की तीही थांबून विव्हळे. असं करत दोघं काठाच्या वळणापर्यंत गेली. पक्ष्यापुढे दुपट्टा पसरून वाकत चाललेला, हेल्मेट घातलेला माणूस लांबून कसा दिसत असेल, हे पलीकडच्या काठावर म्हशी धुणारे धुणं सोडून पाहत होते.

वळणावर टिटवी सरळ उडाली. दोन्ही पंखांनी.

आम्ही दोघं बाभळीखाली सरकून बसलो होतो. इकडे राहिलेल्या टिटवीनं हळू आवाजात काहीतरी सांगितलं, तशी पिल्लं एकेक करून बाहेर आली आणि गोट्यांमध्ये दिसेनाशी झाली. नाव मोकळी झाली.

भाऊजी परतले ते अपमान झाल्यासारखे.

"ढोंग केलं तिनं," ते म्हणाले. "पंखाले काईच नव्हतं झालं. काऊन केलं असंन?"

"लेकराइसाठी," ताई म्हणाली. मग नावेवरची माती झटकत तिनं विचारलं, "आपल्या पोराले तुमी सैनिकी शाळेत धाडून राह्यले होते, तवा माह्या छातीत दुखलं होतं. आठवते?"

"आठवते ना. तुले घेऊन वर्ध्याले गेलतो मी."

"काई दुखत नव्हतं."

भाऊजींनी हेल्मेट काढलं. त्या वेळी भाचा घरीच राहिला होता, इथंच शिकला, आज पुलगावला शाळेत गणित शिकवतो. हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं.

"इसीजी काढला होता तुहा," ते शेवटी म्हणाले.

"त्यात काई निघालं होतं का?"

नाव पाण्यात लोटून आम्ही या वेळी सरळ मधून परत निघालो. नाव तलावाच्या मध्यावर आली, तेव्हा भाऊजींनी वल्हवणं थांबवलं.

"अन् नागपूरले घर घ्याचं ठरलं होतं, तवा तुले चक्कर आलती, ते?"

"ते खरं होतं," ताई म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नावेत पुन्हा पाणी साचत होतं आणि मी खाली मान घालून डब्यानं ते उपसत होतो. ती चक्कर किती खरी होती, ते मला ठाऊक होतं. पण किनारा अजून लांब होता आणि वल्ही त्यांच्या हातात होती.