सॅव्हानातला उष्टा चहा

गेल्या शनिवारी दुपारी आम्ही जॉर्जियातल्या सॅव्हानात जेवायला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई, दोघीच. माझ्या नवऱ्याचं, निखिलचं अटलांटात ट्रेनिंग होतं, म्हणून रेडमंडहून विमानाने तिघं आलो, त्याला तिथे सोडलं आणि भाड्याची कार घेऊन आम्ही दोघी निघालो... लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशा दोघीच कधी कुठे गेलो नव्हतो.

मला ओळखणाऱ्यांना माहितीये, मी कुठेही जायच्या आधी तिथे काय खायचं ते ठरवून ठेवते. सॅव्हानातलं एक जुनं, प्रसिद्ध ठिकाण नक्की केलं होतं. वाटेत एका टपरीवर उकडलेल्या शेंगा दिसल्या आणि आईंचा चेहरा एकदम खुलला... मी म्हटलं, "नको आई, पोट भरेल, मग तिथे काय जेवणार?" त्यांनी खिडकीची काच वर केली.

पोहोचलो तर दारात ही गर्दी. नाव दिलं, टेबल रिकामं झालं की मेसेज येईल म्हणाले. समोरच्या चौकात ओकच्या झाडाखाली बाकावर जाऊन बसलो.

हवा इतकी दमट की सगळेच घामाने निथळत होते. त्यामुळे आईंना घाम येतोय याचं मला विशेष काही वाटलं नाही. मी मेन्यूचे फोटो बघत बसले होते.

मग त्या म्हणाल्या, "सुधा, दार लावून घे गं."

सुधा म्हणजे त्यांची धाकटी बहीण, नागपूरला असते. मी हसून वर बघितलं... आणि हसू तिथेच राहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, पण मी त्यांना दिसत नव्हते. हात धरला तर गार, ओलाचिंब.

आईंना डायबेटिस आहे, जेवणाआधी इन्सुलिन घेतात. ते घेऊन वेळेत खाल्लं नाही तर साखर एकदम उतरते. "आई, इंजेक्शन घेतलंत का?" दोन-तीनदा विचारल्यावर कुठे शब्द फुटले... "गाडीतच. तू म्हणालीस ना, पोहोचलो."

घरी त्यांचं सगळं ठरलेलं असतं. कुकर उतरला की इंजेक्शन, पोळ्या झाल्या की ताट. त्यांना घड्याळ बघावं लागत नाही. इथे कुकर नव्हता, म्हणून माझ्या "पोहोचलो"वर त्यांनी इंजेक्शन घेतलं. जेवायला नेतात आणि पानावर बसायला तासन् तास लावतात, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. उशीर होतोय हे कळल्यावरही बोलल्या नाहीत... सुनेच्या हौसेत कशाला मोडता घालायचा.

मी पर्स उलटी केली. चघळायच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं. शुगर-फ्री... मीच कौतुकाने आणलेलं. त्यांच्या पर्समधल्या लिमलेटच्या गोळ्या मीच निघताना काढून टाकल्या होत्या.

अँब्युलन्ससाठी फोनवर ९११ दाबलं, पण कॉल लावायला अंगठा हलेना. निखिलला काय सांगू, हेच डोक्यात घुमत होतं. माझ्या भरवशावर आईला सोडलं त्याने... आणि त्या माझ्या खांद्यावर कलत चालल्या होत्या.

शेजारच्या बाकावर एक वयस्कर बाई बसली होती. तिच्या हातात बर्फ घातलेल्या चहाचा मोठा ग्लास, अर्धा संपलेला. मी कशी उठले, काय बोलले, आठवत नाही. एवढंच आठवतं की मी "शुगर, शुगर" म्हणत होते. तिने आईंकडे एक नजर टाकली आणि ग्लास माझ्या हातात दिला. "टेक इट, हनी."

साउथमधला हा स्वीट टी... कायम नावं ठेवलीत मी त्याला. चहा आहे की पाक, असं म्हणून.

स्ट्रॉ आईंच्या ओठांशी नेली तर त्यांनी तोंड फिरवलं. तशा अवस्थेतही म्हणाल्या, "उष्टं आहे ते."

आमच्या आई कुणाचं उष्टं घेत नाहीत. पोटच्या मुलाच्या ग्लासातलं पाणीसुद्धा नाही. आणि मी, ज्या सुनेने कधी वर तोंड करून उत्तर दिलं नाही, ती भर चौकात त्यांच्यावर ओरडले. "आई, प्या. आत्ताच्या आत्ता प्या."

त्या दचकल्या. आणि प्यायल्या... एक घोट, मग दुसरा. त्या बाईने दुसऱ्या बाजूला बसून त्यांचा हात हातात धरला होता. माझा अंगठा अजून फोनवरच होता, आणि मनात देवाला काय काय बोलून चुकले ते इथे लिहीत नाही.

ग्लास संपला. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग आईंनी कपाळ पुसलं, ग्लासकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मृदुला, हा चहा आहे? केवढा गोड."

माझं नाव. मी तिथेच रडायला लागले.

मेसेज आला, आम्ही जेवलो. भेंडीची भजी त्यांना आवडली, मला कशाचीच चव लागली नाही. "निखिलला सांगू नकोस हं," त्या म्हणाल्या. मी त्यांच्यासमोरच त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

परतताना त्या टपरीशी गाडी थांबवली. दोन पिशव्या शेंगा घेतल्या, एक खायला, एक पर्समध्ये, वाटेत नव्याने घेतलेल्या साखरेच्या गोळ्यांशेजारी ठेवायला... त्या शेंगांचा औषधाला काही उपयोग नाही, तरी घेतल्या.

आता डॉक्टरांना विचारून नवीन पद्धत ठरवलीये, बाहेर जेवताना ताट समोर आलं की मगच इंजेक्शन. काल इथे घराजवळ बेलव्ह्यूला जेवायला गेलो होतो. वेटरने ताट समोर ठेवलं, आणि सगळ्या लोकांत, चांगल्या मोठ्या आवाजात आईंनी मला विचारलं...

"मृदुला, घेऊ का गं आता?"