सुमनबाईंचा एकतीस

बुधवारी सकाळी सुमनबाईंच्या रक्तातला सीए-१२५ एकतीस आला. मागच्या वेळी तो दोनशे नव्वद होता. पस्तीसच्या आत असला की नॉर्मल धरतात. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, नागपूरच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातली ऑपरेशनची तारीख दिली, आणि दुपारी सुमनबाईंचे यजमान देवरावजी जामसांवलीच्या मारुतीचा प्रसाद घेऊन लॅबमध्ये आले.

लॅब पांढुर्ण्यात आहे. मी तिथली पॅथॉलॉजिस्ट. सुमनबाई मोहगावच्या. घरची संत्र्याची बाग, दोन मुलगे, एक सून. आजार अंडाशयाचा कॅन्सर. निदान झाले तेव्हा गाठी पोटात पसरल्या होत्या. म्हणून आधी केमो देऊन त्या लहान करायच्या आणि मग ऑपरेशन, असे ठरले होते. केमोआधीचे रक्त प्रत्येक वेळी आमच्याकडे तपासले जाई.

सीए-१२५ हे रक्तातले एक प्रथिन. या आजारात ते बहुधा वाढते. त्याचा एकटा आकडा फार काही सांगत नाही. पोटाच्या टीबीतही तो वाढू शकतो. केमो सुरू झाल्यावर तो किती वेगाने उतरतो, यावरून जास्त कळते. झपाट्याने उतरला तर पुढचा अंदाज बरा. संथ उतरला तर डॉक्टर सावध होतात. सुमनबाईंचा सहाशे चाळीसवरून चारशे तीस झाला होता, मग दोनशे नव्वद. संथच. आणि आता एकदम एकतीस.

"घ्या मॅडम," देवरावजी म्हणाले. "मारुतीनं ऐकलं अन् तुमच्या मशीननं सांगतलं."

ते समोर बसलेले असतानाच दुपारच्या बॅचचे आकडे आले. त्यात सुमनबाईंची थायरॉइडची तपासणी होती, सकाळच्याच नळीतली. थायरॉइड कमी काम करते म्हणून त्या कित्येक वर्षे एकच गोळी घेतात. त्यांचा टीएसएच नेहमी ठरल्या जागी असतो. त्या दिवशी तो जवळजवळ शून्य होता आणि टी-फोर खूप वर. कागदावर त्यांचे थायरॉइड भडकले होते. अशा माणसाचे हात थरथरतात, छाती धडधडते.

देवरावजींना तसे काही होते का, विचारले.

"नाई जी. काल तर पोळ्या लाटून राहिली होती."

एका नळीतले दोन रिपोर्ट, दोन्ही पेशंटशी न जुळणारे. अशा वेळी पेशंटवर नाही, तपासणीवर संशय घ्यायचा असतो.

आमच्या मशीनची पद्धत थोडक्यात अशी. प्रथिन पकडायला अँटिबॉडी वापरतात. ती एका बारीक मण्याला अडकवलेली असते, आणि अडकवायचा हुक म्हणजे बायोटिन, एक जीवनसत्त्व. पेशंटच्या रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर मण्यावरच्या जागा तेच अडवते. पकडलेले प्रथिन धुऊन जाते आणि आकडा खोटा कमी येतो. टीएसएचही तसाच कमी दिसतो. टी-फोरची पद्धत उलटी, म्हणून तो वाढलेला दिसतो. साध्या आहारातून एवढे बायोटिन येत नाही. गोळीतून येते.

रक्त घेताना आमच्या टेक्निशियनने औषधे विचारली होती. उत्तर नेहमीचेच मिळाले होते. देवरावजींनाही दुसरी कुठली गोळी माहीत नव्हती. त्यांच्यासमोरच घरी फोन लावला. सुमनबाई म्हणाल्या, औषध तेच आहे, नवीन काही नाही. मी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा तेच सांगितले आणि फोन सुनेकडे, प्रीतीकडे दिला. थोडा वेळ नुसती चपलांची फटफट ऐकू आली. प्रीती फोन घेऊन अंगणात आली होती.

"मॅडम, केसाच्या गोळ्या देऊन राहिली मी आईले," ती हळू आवाजात म्हणाली. "ते काई औषध थोडी होय, म्हणून सांगतलं नाई. रोज सकाळी दोन. आज लॅबले निघतानाबी दिल्या."

धाकट्या मुलाचे साक्षगंध जवळ आले होते. साखरपुड्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात. दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसून कुंकू लावतात, डोक्यावरचा पदर सरकतो. तोवर थोडे तरी केस यावेत, एवढीच सुमनबाईंची इच्छा होती. कुणाला सांगायचे नाही, असे त्यांनी सुनेकडून कबूल करून घेतले होते.

"त्याच्यानं आजार वाढला का जी?" प्रीतीने विचारले.

"आजाराला काही झालं नाही. आमच्या मशीनला झालं, गोळ्यांतल्या बायोटिननं. गोळ्या आत्तापासून बंद."

नागपूरच्या डॉक्टरांना लगेच कळवले. एकतीस धरू नका, म्हटले. मग किती, त्यांनी विचारले. माहीत नाही, शनिवारी सांगते, असे उत्तर दिले. एचई-४ हे दुसरे प्रथिन तपासता येईल का, हेही त्यांनी विचारले. पण आमच्याकडे त्या तपासणीलाही हाच हुक, म्हणजे तीही त्याच बाजूला चुकली असती. डॉक्टरांनी वाद घातला नाही. तारीख रद्द केली आणि सीटी स्कॅन लिहून दिला. गाठी पुरेशा लहान झालेल्या नसताना पोट उघडले तर सर्जनला त्यातल्या काही तशाच सोडाव्या लागतात, आणि जखम भरेपर्यंत केमोही थांबतो. ते त्यांना टाळायचे होते.

देवरावजींनी सगळे ऐकून घेतले. टेबलावरचा प्रसाद माझ्याकडे सरकवला.

"हा परत नाई नेत, मॅडम. ठेवा."

सकाळच्या नळीतला उरलेला सीरम नागपूरच्या दुसऱ्या लॅबला पाठवला. त्यांच्या किटमध्ये बायोटिनचा हुक नाही. तिथे सीए-१२५ दोनशे चार आला. शनिवारी सुमनबाईंचे नवे रक्त आमच्याच मशीनवर लावले. एकशे अठ्ठ्याण्णव. सीटीत यकृताच्या कडेला आणि त्यावरच्या पडद्यावर गाठी दिसल्या. डॉक्टरांनी आणखी तीन केमो दिले.

साक्षगंध दोन केमोंच्या मधल्या दिवसांत झाले. विहीणबाईंनी सुमनबाईंचा पदर न सरकवता कुंकू लावले, असे प्रीतीने सांगितले.

मग ऑपरेशन झाले. डोळ्यांना दिसेल अशी एकही गाठ मागे राहिली नाही, अशी नोंद सर्जनने केली. आधीची तारीख रद्द केल्याबद्दल मी नागपूरच्या डॉक्टरांचे आभार मानले. ते म्हणाले, आभार त्या सुनेचे माना. तिचे आधीच मानले होते. सासूला दिलेला शब्द मोडून ती फोन अंगणात घेऊन आली नसती, तर एकतीस खरा धरला गेला असता.

आमच्या लॅबमध्ये आता औषध काय घेता, एवढ्यावर थांबत नाहीत. केसांसाठी, नखांसाठी, ताकदीसाठी काय घेता, असे वेगवेगळे विचारतात.

सुमनबाईंचे रक्त मागच्या महिन्यात पुन्हा तपासले. सीए-१२५ चौदा आला. त्याच नळीतला टीएसएच नेहमीच्या जागी होता.