आकडे नसलेलं घड्याळ

ताईच्या लग्नाचा दिवस... जव्हारला शाळेच्या पटांगणात मांडव घातलेला. नव्वदच्या दशकातली गोष्ट.

तेव्हा आमच्याकडे जावयाला घड्याळ द्यायचंच, आणि तेही सगळ्या गावाला ठाऊक असलेल्या कंपनीचं. सोनेरी पट्टा, सोनेरी आकडे. लांबून चमकलं पाहिजे!

पण आमचे बाबा पडले चित्रकलेचे शिक्षक. पोरांना सारखं सांगायचे, "कागद जरा मोकळा सोडा रे, किती भराल!" असा माणूस सोनेरी घड्याळ कशाला घेतोय...

त्यांचा एक जुना विद्यार्थी मुंबईत घड्याळांच्या मोठ्या दुकानात होता. त्याने एक स्विस घड्याळ दाखवलं. छोटीशी कंपनी, नाव आपल्याकडे कुणी ऐकलेलंच नाही. पांढरीशुभ्र तबकडी, दोन जाड काळे काटे... बस्स! आकडा एकही नाही.

बाबा हरखूनच गेले. अंगठी आणि घड्याळ, दोन्हींसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत ते एकटं घड्याळ आलं. लग्न होईपर्यंत आई बाबांशी धड बोलली नाही.

आणि व्हायचं तेच झालं. नवरदेवाचे काका सूर्यमाळचे, भलतेच गमतीदार. त्यांनी डबी उघडली, घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि मोठ्याने म्हणाले, "गुरुजी, आकडे घालायचे राहिले का काय?"

सगळा मांडव हसला. घड्याळ या हातातून त्या हातात फिरायला लागलं. कुणी म्हणालं, डुप्लिकेट दिसतंय. तेवढ्यात अंगठी नाही हेही बायकांच्या लक्षात आलं.

आई माझ्या कानाशी कुजबुजली, "आता जन्मभर ऐकून घेईल माझी पोर." बाबा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, चेहरा पार उतरलेला. त्यांच्याही मनात तेच चाललं होतं, दिसत होतं ना... मला त्या काकांचा असा राग आला, की पंगतीत जिलेबी वाढताना मी त्यांना सरळ ओलांडून पुढे गेले!

मग फोटोग्राफर आला. तेव्हा नवरदेवाचा एक फोटो ठरलेला असायचा, हात छातीशी घेऊन, बाही वर सारून. सासऱ्याने काय दिलं ते अल्बममध्ये दिसायला नको?

फोटोग्राफर बिचारा भला माणूस. त्याने घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बाही असू द्या खालीच." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमचे भाऊजी मोखाड्याला तहसील कचेरीत क्लार्क, मुलखाचे अबोल. त्यांनी एकदा बाबांकडे पाहिलं. मग सावकाश बाही दुमडली, पार कोपरापर्यंत. "घड्याळ नीट येऊ दे," म्हणाले. "शांत वाटतं बघायला... मामा, तुम्ही पण या ना फोटोत."

बाबा गेले आणि जावयाशेजारी उभे राहिले. त्या फोटोत नवरदेव हसतोय आणि सासरे रडतायत. ताईला पुढे कधी कुणी चकार शब्द बोललं नाही.

भाऊजींना खरंच शांत वाटलं होतं, की बाबांसाठी म्हणाले, देव जाणे. पण वर्षानुवर्षं तेच घड्याळ घातलं त्यांनी. पुढे दोन हजार सालानंतर बाबांची नजर फार अधू झाली. भिंतीवरच्या घड्याळातले आकडे त्यांना एकमेकांत मिसळल्यासारखे दिसायचे. ती पांढरी तबकडी आणि ते काळे काटे मात्र दिसायचे. भाऊजी जव्हारला आले की दारातच बाही वर करायचे आणि हात पुढे धरायचे. बाबा वाकून बघायचे, "साडेदहा झाले की रे!" असा आनंद व्हायचा त्यांना!

हल्ली माझा भाचा मोबाईलवर असलीच घड्याळं शोधत असतो. नाव कुणाला माहीत नसलेली, साधी, देखणी आणि महागडी. म्हणतो, "मावशी, आजोबा काळाच्या पुढे होते." असतील बाबा...

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊजी अजूनही आमच्या दारात आले की सवयीने बाही वर करतात, आणि मग एकदम थबकतात. मी पुढे होते, त्यांचा हात धरते आणि किती वाजले ते मोठ्याने सांगते.