बोट लावून परत

आता माझ्या शहाणपणाचं काय सांगू तुम्हाला! माणूस एकदा घसरतो. मी एकाच गोष्टीवरून दोन खंडांत घसरलो!

निजामाचं राज्य होतं. मी बेंबळीच्या लिंगायत वाण्याचा पोरगा, हिशेबात पक्का. मोंबासाच्या एका बँकेतले पुण्याचे साहेब तुळजापूरच्या दर्शनाला आले नि धाराशिवच्या डाकबंगल्यात उतरले. त्यांना आफ्रिकेत न्यायला हिशेबनीस हवा होता. ही नोकरी हुकली असती, तर जन्मभर दुकानात गूळ तोलत बसलो असतो.

वडील, आमचे अप्पा, म्हणाले, "मोठ्या माणसाकडं रिकाम्या हातानं जाऊ न्हाय. नजराणा ने."

आमच्याकडची रीत अशी. रुमालावर नाणं ठेवायचं, वाकून दोन्ही हातांनी पुढं धरायचं. साहेबानं नुसतं बोट लावलं की मान पोचला. नाणं परत आपल्या खिशात! अव्वानं, म्हणजे आईनं, गळ्यातल्या माळेची नाण्यासारखी सोन्याची एक पुतळी काढून दिली. "परत आण बरं का!"

मी साहेबांपुढं वाकलो. साहेब ताडकन उठले.

"हे काय? लाच?"

"न्हाय साहेब, रीत हाय. आमी समद्यांना देतो!"

"सगळ्यांना?"

"व्हय. तहसीलदारसाहेबांना बी!"

घ्या! सावरायला गेलो नि आणखी खोलात रुतलो.

"खिशात ठेव ते!" साहेब ओरडले. पण त्यांनी बोट लावल्याशिवाय कसं ठेवणार? त्यांचाच अपमान की! मी तसाच वाकलेला. त्यांनी चिडून व्याजाचे प्रश्न टाकले, मी वाकूनच उत्तरं दिली. सगळी बरोबर! कंबर मात्र मोडायला आली.

शेवटी रडकुंडीला येऊन म्हणालो, "साहेब, नुसतं बोट लावा हो! अव्वाची पुतळी हाय, परत न्यायची हाय!"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, हळूच बोट लावलं. मी पटकन पुतळी खिशात घातली नि सलाम ठोकला. साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"आणि तिथं तुझ्यापुढं कुणी असं काही धरलं तर?"

"बोट लावून परत करीन, साहेब!"

नोकरी पक्की!

मोंबासात बँकेच्या आफ्रिकी शिपायाची आई गावाहून आली. मुलाच्या नव्या साहेबासाठी, म्हणजे माझ्यासाठी, तिनं कोंबडी आणली होती. दोन्ही हातांनी पुढं धरली, थोडं वाकून. अगदी आमच्यासारखं! मला भरून आलं. मी ऐटीत कोंबडीला बोट लावलं नि खुणेनं सांगितलं, परत न्या.

म्हातारीचा चेहरा उतरला. शिपाई मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "साहेब, परत केली म्हणजे आम्ही तुम्हाला नकोत."

लाजलो मी. फार लाजलो. वाकणं सगळीकडं सारखंच, पण त्याच्या पुढची रीत मुलखागणिक वेगळी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

घाईघाईनं कोंबडी घेतली. लिंगायताचं पोर, जन्मात कधी कोंबडी धरलेली नाही! तिनं कडकडून टोच मारली, ती नेमकी त्याच बोटाला. म्हातारी मात्र खळखळून हसली, आणि मला बरं वाटलं. कोंबडी मग माझ्याकडंच सुखानं म्हातारी झाली.

रजेवर बेंबळीला आलो, अव्वाला सगळी हकिकत सांगितली. तिनं विचारलं, "ते समदं ऱ्हाऊ दे. माझ्यासाठी आफ्रिकेतनं काय आणलंस?"

आणायचं राहूनच गेलं होतं. मी ओशाळून, वाकून, कोंबडीच्या टोचेची खूण उमटलेलं बोट पुढं धरलं.

अव्वानं त्याला आपलं बोट लावलं नि म्हणाली, "पोचला मान. ठिव आता परत खिशात!"