चारच्या आत

बाटली फोडायची घाई करायची नाही, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही. ते मी नोकरीत शिकले. चकलांब्याच्या अंगाला एका उपकेंद्रावर मी नर्स आहे. चार गावं, दोन वस्त्या, आणि दर महिन्याला प्रत्येक गावाचा ठरलेला एक लसीकरणाचा दिवस. त्या दिवशी निळ्या डब्यात बर्फाच्या पाट्यांमध्ये ठेवून लस येते. बाकीच्या लसी तशा समजूतदार, पण गोवराची लस म्हणजे भारी नखरेल. ती भुकटी असते. तिच्यात द्रावण मिसळलं, म्हणजे आमच्या भाषेत बाटली फोडली, की चार तास ती चांगली. त्यानंतर फेकायची. म्हणून फोडल्याबरोबर बाटलीवर वेळ लिहायची असते.

नियम असा की एक लेकरू आलं तरी बाटली फोडा, वाया गेली तर जाऊ द्या. पण महिन्याच्या मीटिंगला 'बाटल्या वाया का गेल्या' म्हणून उभं करणारेही आरोग्य केंद्राचे तेच साहेब. सांगायचं एक, विचारायचं भलतंच. मग आम्ही सगळ्याजणींनी आपली एक रीत पाडली. सकाळी आलेल्या आयांना बसवून ठेवायचं, तीन-चार पोरं जमू द्यायची आणि बाराच्या सुमाराला बाटली फोडायची. बाराची बाटली चारपर्यंत चालते. शेतावरनं, लांबच्या वस्तीवरनं येणारीलाही सवड मिळते.

त्या वर्षी ज्वारीची काढणी झाल्यावर धनगरांची मेंढरं आमच्या शिवारात बसायला आली. मोकळ्या रानात मेंढरं बसवली की शेताला खत मिळतं, म्हणून शेतकरीच बोलावतात. मी गावच्या आशाताईंना घेऊन त्यांच्या तळावर गेले. दोन घोडी, जाळीत कोंडलेली कोकरं, तीन दगडांची चूल, आणि एका तरण्याताठ्या बाईच्या कडेवर मुलगी. नऊ महिने नुकतेच पुरे झालेली. कार्डावर एकच टोचणी, जन्मल्यावरची. बाकी कोरं.

"अगं, बाकीच्या कावून दिल्या नाहीत?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. मला राग लवकर येतो, आणि येतो तोही नेमका ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर.

"बाई, आमी एका जागी ऱ्हातो का? कुटं द्यावं?" ती म्हणाली.

तिचं बरोबरच होतं. मग मी खाली बसले, गोवर म्हणजे काय ते समजावलं. तिला ते माहीत होतं. तिच्या जावेचं एक लेकरू त्यातच गेलं होतं. तिनं मुलीला पोटाशी घट्ट धरलं आणि विचारलं, "कवा येऊ?"

"मंगळवारी. अंगणवाडीत. चारच्या आत ये."

"चारच्या आत," तिनं घोकल्यासारखं म्हटलं. तिचा तळ गावापासून दोन कोस. मेंढरं रानात सोडून, भाकरी करून, पाणी भरून मग निघणार. चारच्या आत जमेल, असं तिनं बोटांवर काहीतरी मोजून सांगितलं.

मंगळवारी माझ्या यादीत गोवराची चार पोरं होती. चौथी तिची मुलगी. पाच डोसांची एक बाटली मिळाली, तेवढी पुरेशी होती.

दहाला मी अंगणवाडीत टेबल मांडत होते, तेवढ्यात दारात गाडी थांबली. गावचे माजी सरपंच उतरले. मागं सून, तिच्या हातात नातू. त्यांना संभाजीनगरला लग्नाला जायचं होतं.

"मॅडम, आधी आमचं उरकून घ्या. वऱ्हाड खोळंबलंय."

"भाऊ, बाराला फोडते बाटली. बाकीची पोरं यायचीत."

ते हसले. हसण्यातच सगळं बोलून गेले. "नियम काय म्हणतो, एक लेकरू आलं तरी फोडायची ना? का आम्हाला ठाऊक न्हाई?"

नियम त्यांच्या बाजूनं होता. शिवाय मागच्या खेपेला पाण्याच्या टाकीच्या तपासणीवरून त्यांनी माझी तक्रार थेट तालुक्याला केली होती, आणि त्या खुलाशाच्या कागदांनी माझा महिना खाल्ला होता. आज पुन्हा नको, असं वाटलं मला. भ्याले, असंच म्हणा. मी बाटली फोडली. वर पेनानं लिहिलं, दहा वीस. नातू टोचला, गाडी गेली.

दुसरं आणि तिसरं पोर साडेअकराच्या आत आलं. मग मी चौथीची वाट बघत राहिले; बाकीच्या लसींची रांग सोडून मला हलता येईना. आशाताईंना म्हटलं, तळावर निरोप धाडा, दोनच्या आत या म्हणावं. त्यांनी तिच्या नवऱ्याला फोन लावला, तो लागेना. रानात रेंज कुठली? आशाताई म्हणाल्या, "येईल ती. वाटंला लागली असल." मीही तेच म्हणत राहिले. दोन वीस झाले तेव्हा मी बाटली उचलली, प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकली आणि पिशवी बांधली. वापरलेल्या बाटल्या केंद्रावर परत द्यायच्या असतात.

पावणेतीनला ती आली.

उन्हानं तोंड काळवंडलेलं, पायांवर धूळ गुडघ्यापर्यंत, आणि मुलगी स्वच्छ. डोक्याला तेल, डोळ्यांत काजळ, अंगात बाजारातलं नवं झबलं. ती दारातच हसली. "आले बाई. चारच्या आत आले नव्हं?"

माझी नजर खाली पिशवीकडं गेली. आशाताईच पुढं झाल्या. "अगं, उशीर झाला की. लस संपली."

संपली नव्हती. दोन डोस होते. माझ्या पायाजवळ त्या पिशवीत, अजून गार. तिनं माझ्या नजरेकडं बघितलं आणि तिला पिशवी दिसली.

"हाय की त्यात. तीच द्या की बाई. गार हाय अजून."

तुम्हाला वाटेल, पंचवीस मिनिटांनी काय बिघडतं? मलाही त्या घडीला तेच वाटलं. पण प्रशिक्षणात आमच्या थोरल्या बाई फळ्यावर डस्टर आपटून सांगायच्या, त्या लसीत जंतू मारणारं काही नसतं, वेळ टळली की त्याच बाटलीत जंतू वाढतात, आणि धडधाकट लेकरू संध्याकाळपर्यंत हाताबाहेर जाऊ शकतं. बाटलीकडं बघून ते कळत नाही, म्हणून तिच्यावरची वेळच बघायची. मी आजवर वेळेपुढं एक थेंबही दिलेला नाही. त्या दिवशीही दिला नाही. मुलीला राहिलेल्या बाकीच्या लसी टोचल्या आणि अ जीवनसत्त्वाचं गोड औषध पाजलं. ते तिनं मिटक्या मारत चाटलं.

"उद्या मी तळावर येते. नवी बाटली घेऊन येते," मी म्हणाले.

"उद्या तांबडं फुटायला हलणार आमी. दिंद्रुडच्या अंगाला जायचं."

"मग आजच आणते. तासाभरात." मी केंद्रावर फोन लावला. उत्तर आलं, आज सगळीकडं लसीकरण, बाटल्या गावोगाव गेल्यात, उरलेल्या पाचनंतर परत येतील. ठीक आहे, पाचला तिथं पोचते, सातपर्यंत तळावर. मी तिला तसं सांगितलंही. ती मान हलवून निघाली. आणि चारच्या ठोक्याला उपकेंद्रावरून फोन आला, पहिलटकरीण आलीय, पाणी गेलंय, रुग्णवाहिका दुसऱ्या तालुक्यात अडकलीय.

आता सांगा, कुठं जायचं? एकीकडं बाळंतीण, एकीकडं तळ. नर्स मी एकटी. बाळंतिणीला सोडून मेंढरांच्या मागं पळाले असते तर लोकांनी मला दगड मारले असते, आणि तेही बरोबरच ठरलं असतं. बाळ झालं, बाईचं रक्त थांबेना, ते थांबवता थांबवता मध्यरात्र झाली. दोघं सुखरूप राहिली. त्या घरचे अजून मला दिवाळीला फराळ देतात. तो फराळ मी वाटून टाकते.

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आधी मी दारात उभी होते. हातापाया पडून बाटली घेतली, डबा स्कूटीला बांधला आणि रानात गेले. तळ उठला होता. लेंड्यांचा थर, विझलेली राख, आणि जाळीच्या खुंट्यांची भोकं. मी डबा हातात धरून उभी राहिले. रडूही आलं नाही, नुसता स्वतःचा संताप आला. दिंद्रुडकडच्या नर्सला फोन केला, माझ्याबरोबर शिकलेली ती. म्हणाली, "मेंढरं आली की बघते गं." तिच्याही डोक्यावर चार गावं होती. तळ तिच्या शिवारात आलाच नाही. तिच्या नवऱ्याचा फोन कायम बंद. महिनाभर मी लावत राहिले.

साहेबांनी मीटिंगला माझा अहवाल वाचला. बाटली नियमाप्रमाणे फोडली, वेळ लिहिली, मुदत संपल्यावर वापरली नाही, परत केली. "असं काम पाहिजे," साहेब सगळ्यांना म्हणाले. कागदावर मी कुठंच चुकले नव्हते. मी अहवालावर सही केली.

दोन वर्षांनी, पुन्हा ज्वारी निघाल्यावर, लसीकरणाच्या दिवशी मी साडेनऊला अंगणवाडीपाशी स्कूटी लावली, तर पायरीवर ती बसलेली. मांडीवर नवं लेकरू, दहाएक महिन्यांचा मुलगा. शेजारी तीनेक वर्षांची मुलगी मातीत खडे मांडत होती. डोळ्यांत तसंच काजळ. माझ्या काळजावरचा दगड उतरला, हे मी खरं सांगते. जिवंत आहे, हिंडतीफिरती आहे. मी लांबूनच हाक मारली, "काय गं बाळे, ओळखलं का?"

ती खडे मांडत राहिली.

"तिला ऐकू येत न्हाई, बाई," आई म्हणाली. "तुमच्याकडनं गेलो अन् दोन महिन्यात गोवर निगाला. लई ताप. लिंबाचा पाला घातला, सारं केलं. मंग कानातनं पू जाया लागला. वाचली, पण तवापासनं ऐकू येत न्हाई. बोलत बी न्हाई." मग मांडीवरच्या पोराला थापटत म्हणाली, "म्हनून आज सकाळीच येऊन बसले. मागल्या बारीला मला उशीर झालता नव्हं."

दोन वर्षं तिनं ते स्वतःच्या माथी घेतलं होतं. नवऱ्यानं बोलून दाखवलं असेल, सासूनं तर नक्कीच. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं.

"तुला उशीर झाला नव्हता," मी म्हणाले. "तू चारच्या आतच आलतीस. मीच बाटली लवकर फोडली होती. गावातल्या मोठ्या माणसाच्या नातवासाठी. बाराला फोडली असती, तर तुझ्या पोरीला मिळाली असती."

तिनं माझ्याकडं बघितलं. ओरडेल, शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग तवाच कावून न्हाई सांगितलं, बाई?" तिनं हळूच विचारलं.

बीडला मोठ्या दवाखान्यात कान तपासतात, मी चिठ्ठी देते, सोबत येते, असं काहीतरी मी बोलत सुटले. ती म्हणाली, "परवा हलायचं हाय आमाला."

मग ती उठली. आत आली, बाकावर बसली आणि पोराचा उजवा दंड उघडा करून माझ्यापुढं धरला. दुसरी कुठली नर्स होती तिला? दुसरं कुणी आलं नव्हतं, पावणेदहाच वाजले होते. मी बाटली फोडली, वेळ लिहिली आणि सुई टोचली. पोरगं असं किंचाळलं की शेजारच्या शाळेतली पोरं खिडकीला लोंबकळली. बहीण त्याच्यापासून हातभर अंतरावर, आमच्याकडं पाठ करून बसली होती. आईनं तिच्या खांद्याला धरून तिला वळवलं, तेव्हा तिला भाऊ रडताना दिसला, आणि तिनं मुठीतला एक खडा त्याच्या हातात दिला.